बागेत उभी राहिलेली माणसं

आशालताबाई कीर्तनातून मधेच उठल्या त्या जन्मात एकदाच, आणि त्याला कारणही तसंच होतं. रविंद्रच्या वेळच्या कळा सुरू झाल्या होत्या. उत्तररंगाला नुकतं तोंड लागलेलं, बुवांनी झांज हातात घेतलेली, आणि बाईंना दोघींनी धरून बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बघायला आलेल्या शेजारणीला त्यांनी बाळ दाखवायच्या आधी विचारलं, "मग सुटला का गं तो?" शेजारणीनं खाटेशी बसून उरलेलं आख्यान सांगितलं. मग कुठे बाईंचा डोळा लागला.

माहेरचीच शिस्त होती ती. बुवा एकदा नारदाच्या गादीवर उभे राहिले, नमन झालं, की आरतीचं तबक समोरून जाईपर्यंत मांडी मोडायची नाही. त्यातून आख्यानात कुणी संकटात असेल तर नाहीच नाही. घरी पोथी वाचतानाही वडील वनवासावर, वेढ्यावर, मरणावर पोथी बांधत नसत. चार ओव्या पुढे जायचं, कुणीतरी घरी पोचलं, कुणाच्या तरी पानात जेवण पडलं, की मग फूल वाहायचं आणि फडकं गुंडाळायचं. मधेच सोडलं तर ती माणसं तिथेच राहतात, असं वडील म्हणत. लहानपणी आशालताबाईंना ते खरंच वाटे. मोठेपणी त्यांनी या गोष्टीचा पुन्हा विचार केला नव्हता, म्हणजे खरंच वाटत राहिलं होतं.

मालक गेल्यावर त्या सिंगापूरला मुलाकडे आल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं, कीर्तन संपलं आता. पण देवाला काळजी. मुलगा सिमेईला ज्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या संकुलात, राहायचा त्यातच पद्माकरबुवा निघाले. हे बुवा आठवडाभर तुआसच्या शिपयार्डात हेल्मेट घालून फिरायचे आणि महिन्यातल्या एका शनिवारी धोतर-फेटा चढवून खालच्या फंक्शन रूममध्ये उभे राहायचे. आवाज खणखणीत, कारण दिवसभर इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. एकदा त्यांचा पूर्वरंगच लांबला. आख्यानात तलावातल्या हत्तीचा पाय मगरीनं धरलेला, हत्ती सोंड वर करून देवाला हाका मारतोय, आणि सिक्युरिटी अंकल दारात येऊन मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून उभे. बुकिंग संपलं होतं. बुवा कचरले. मंडळी चपला शोधू लागली. तेव्हा आशालताबाई जागेवरूनच म्हणाल्या, "बुवा, हत्तीला तसा पाण्यात ठेवून मी काही घरी जायची नाही."

मग सगळा लवाजमा पेटीसकट खाली बार्बेक्यूच्या ओट्याशी गेला. शेजारच्या ओट्यावर एक चिनी कुटुंब कोंबडी भाजत होतं. बुवांनी धुरात उभं राहून हत्ती सोडवला, आरती झाली, आणि त्या चिनी आजोबांनीही टाळ्या वाजवल्या. रविंद्र तेव्हा सुट्टीवर घरी होता. पेटी उचलून आणताना तो नीताला म्हणाला, "आमच्या मातोश्रींनी लहानपणी मला चिमटे काढून बसवलंय गं. कितीही मुंग्या येऊ देत पायाला, उठायचं नाही."

नीता, त्याची बायको, चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या ऑफिसात होती. कीर्तनाला ती यायची ती सासूबाईंना पोचवायला, आणि मागच्या खुर्चीवर बसून फोनमध्ये बघायची. आशालताबाईंची त्यावर तक्रार नव्हती. आली, कानावर पडलं, बस.

त्यानंतर काही महिन्यांनी युक्रेनमध्ये लढाई जुंपली. रविंद्रचं जहाज तेव्हा तिथेच, काळ्या समुद्राजवळच्या एका बंदरात गहू भरत होतं. तो जहाजावर चीफ इंजिनीअर. बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरले गेले. कुणी पेरले यावर टीव्हीवर रोज भांडण चाले. जहाज बाहेर पडू शकत नव्हतं, एवढं मात्र नक्की. आधी वाटलं, आठवड्याची गोष्ट. मग मार्च उजाडला.

घरात 'माइन' हा शब्द मिठासारखा झाला. नीता फोनवर तेच बोले, नात किमया तेच वाचून दाखवी. एका दुपारी आशालताबाईंनी किमयाला विचारलं, "हे सुरुंग दिसतात तरी कसे गं? आमच्याकडे विहिरीला लावायचे, तेवढेच मला ठाऊक."

किमया शाळेतून येऊन नूडल्स खात होती. तेरा वर्षांची, मराठी बोलायची पण घाईत असली की गाडी इंग्रजी रुळावर जायची आणि शेवटी सिंगापुरी 'लाह' लागायचा. "आजी, पाण्यातले वेगळे, जमिनीतले वेगळे. बट सेम थिंग लाह. टच केलं की बूम."

"बूम म्हणू नकोस."

"ओके. थांब, तुला दाखवते. एक मूव्ही आहे. अफगाणिस्तानमधली. फ्रेंड म्हणाली, सुपर टेन्स."

आणि तिनं टीव्हीवर सिनेमा लावला. आता नातीनं आजीला हे दाखवावं का, त्या घरात, त्या दिवसांत, असं कुणी विचारेल. पण दाखवणारीला शिकवायचा उत्साह होता आणि बघणारीला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

सिनेमात एक पलटण होती. डोंगर उघडेबोडके, आणि मधोमध एक जुनी जर्दाळूची बाग, भिंत पडलेली, झाडं वाळायला लागलेली. सात-आठ शिपाई दमून सावलीला म्हणून बागेत शिरतात.

"हे कुणाचे शिपाई?" आशालताबाईंनी विचारलं.

"आजी, डझन्ट मॅटर."

"अगं, असं कसं? कुणाचे तरी असतील."

तेवढ्यात एकाचा पाय पडला आणि पडदा धुळीनं भरला. आशालताबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. धूळ बसली तेव्हा एक जण खाली पडून ओरडत होता आणि बाकीचे जिथे होते तिथेच थिजले होते. बाग जुन्या लढाईतल्या सुरुंगांनी भरलेली आहे, हे त्यांना आत्ता कळलं होतं. कुणाचा एक पाय पुढे, कुणी वाकलेला, कुणी झाडाला हात लावून. पुढे जायचं नाही, मागे यायचं नाही, बसायचंसुद्धा नाही.

"खेळातल्या 'स्टॅच्यू'सारखं," किमया पुटपुटली.

त्यातला एक लाल केसांचा होता. त्याचा एक पाय एका दगडावर होता आणि दुसरा कुठे ठेवावा ते त्याला समजत नव्हतं, म्हणून बगळ्यासारखा उभा. आणि हा पठ्ठ्या बोलत होता. अखंड. पडलेल्याला झोप लागू नये म्हणून त्याला शिव्या देत होता, त्याच्या प्रेयसीची चौकशी करत होता, मधेच गात होता. बागेत कुठूनसं एक गाढव आलं आणि त्या सुरुंगांच्या मधून वाळलेलं गवत हुंगत आरामात हिंडू लागलं. सगळ्यांचे श्वास अडकले, तर लाल केसांचा त्या गाढवालाच म्हणाला, "साहेब, आपला रस्ता आम्हालाही सांगा."

किमयानं हे मराठीत करून सांगितलं तेव्हा आशालताबाई खुदकन हसल्या. "उभं राहता येतंय, आवाज आहे, लोकांना जागं ठेवतोय. कीर्तनकार व्हायचा हा."

त्यांच्यात एक डॉक्टरी शिकलेला शिपाई होता, पाठीवर औषधांची पिशवी. तो पोटावर झोपला आणि सुरीनं जमीन टोचत टोचत पडलेल्याकडे सरकू लागला. जिथे धोका नाही तिथे एक पांढरा खडा ठेवायचा, मग पुढची टोच. रांगोळीला ठिपके काढावेत तसे खडे मागे उमटत होते. आशालताबाई सोफ्याच्या कडेवर आल्या. त्याची सुरी कशाला तरी लागली. तो थांबला. लाल केसांचाही बोलायचा थांबला.

आणि पडदा काळा झाला. नीता दारात उभी होती, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, हातात रिमोट.

"हे काय लावलंय घरात?"

"मम्मा, आजीला बघायचं होतं..."

"आजीला बघायचं होतं! तू आत जा. जा म्हटलं ना."

किमया गेली. नीता बॅगेसकट खुर्चीत बसली. रडून झालेलं होतं ते तिच्या नाकावरून दिसत होतं, बहुधा येतानाच्या एमआरटी गाडीतच. आशालताबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"आई, बस ठरली," ती म्हणाली. "परवा सकाळी. जहाजाच्या एजंटनं लावलीय. सगळ्या क्रूला सीमेपर्यंत नेणार, तिथून विमान."

"देव पावला गं."

"थांबा. तुमचे चिरंजीव येत नाहीयेत."

मग तिनं सांगितलं. जहाजावरचा कुक प्रबोध, गुहागरचा, पलीकडच्या धक्क्यावर स्फोट झाला तेव्हा शिडीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. तिथली इस्पितळं लढाईतल्या जखमींनी भरलेली, म्हणून प्लास्टर घालून त्याला परत केबिनमध्ये आणून ठेवलंय. दिवसभर बसमध्ये बसणं त्याला शक्य नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्यात हलवू नका. रात्री उणे तापमान असतं, जनरेटर बंद पडला तर जहाजात कुल्फी होईल. कुणीतरी मागे राहायला हवं, आणि रविंद्रनं हात वर केलाय.

"यालाच का पुळका?" नीता म्हणाली. "आई, तो माझं ऐकत नाही. मी ओरडले, रडले, सगळं झालं. तुमचं ऐकेल. तुम्ही त्याला शपथ घाला."

शपथ म्हणजे काय ते या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजात असताना रविंद्रचा मित्र मोटरसायकलवरून पडून गेला, तेव्हा त्यांनी मुलाला शपथ घातली होती, दोन चाकांवर बसणार नाहीस. आज केसांत पांढरं आलं तरी तो दुसऱ्याच्या स्कूटरवर मागेसुद्धा बसत नव्हता. पुण्यात असला की रिक्षावाल्यांशी भांडत हिंडायचा. त्या एका शपथेनंतर त्यांनी पुन्हा कधी ते हत्यार काढलं नव्हतं.

"उद्या संध्याकाळी त्याचा फोन येईल," नीता म्हणाली. "घालाल ना?"

"घालीन," आशालताबाई म्हणाल्या. आई होत्या त्या. मुलगा घरी यावा यापलीकडे त्यांना तरी काय हवं होतं? त्या घटकेला त्यांच्या मनात दुसरं काहीच नव्हतं. "शब्द देते तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाक्य जुळवलं. रवी, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, उद्या त्या बसमध्ये बस. देवाला दूर्वा वाहताना म्हणून पाहिलं, डाळ निवडताना म्हणून पाहिलं. वाक्य ठीक होतं. पण डाळ निवडता निवडता दर थोड्या वेळानं त्यांची नजर बंद टीव्हीकडे जात होती. तो डॉक्टर पोटावर झोपलेला. सुरीला काहीतरी लागलेलं. तो लाल केसांचा एका पायावर. कालपासून. उन्हात.

सिनेमातली माणसं आहेत, त्यांनी स्वतःला सांगितलं. पैसे घेऊन उभी राहतात. चहा पिऊन घरी गेली असतील केव्हाच. हे सांगून काही उपयोग झाला नाही. किमया शाळेतून आली तेव्हा आजी सोफ्यावर तयार बसली होती.

"लाव."

"आजी! मम्मा मला किल करेल."

"तिला मी सांगीन. त्या माणसांना तिथं तसं ठेवून मला आज फोनवर बोलता यायचं नाही. लाव तू."

किमयानं लावला. सुरीला लागलेला दगडच होता. डॉक्टर पडलेल्यापर्यंत पोचला, त्याचा पाय बांधला. मग दुसरा स्फोट झाला, दुसरा माणूस पडला. खड्यांची दुसरी वाट निघाली. ऊन कललं. पाण्याची एकच बाटली दोरीला बांधून या माणसाकडून त्या माणसाकडे ओढली जात होती, आणि प्रत्येक जण ओठ ओले करून पुढे पाठवत होता. भिंतीबाहेर मदत आली होती, पण आत यायला तिलाही वाट नव्हती. जे भिंतीच्या जवळ होते त्यांना कुणीतरी ओरडून सांगितलं, तुम्ही निघू शकता, वाट झालीय. ते निघाले नाहीत. पडलेल्याला उचलायला चार हात लागणार होते.

"का जात नाहीत?" किमया म्हणाली. "त्यांना चान्स आहे. सो स्टुपिड."

आशालताबाईंनी तिच्या गुडघ्यावर थोपटून पडद्याकडे बोट केलं.

शेवटी झोळी निघाली. खड्यांची वाट अरुंद, झोळी रुंद. लाल केसांच्या माणसाजवळ ती अडली. तो तेव्हाही काहीतरी चेष्टा करत होता. झोळीला जागा व्हावी म्हणून त्यानं अधांतरी धरलेला पाय, इतका वेळ कुठे ठेवावा ते न कळलेला, मागे टेकवला.

पडदा पुन्हा धुळीनं भरला. किमयानं उशी तोंडावर दाबली. आशालताबाई बघत राहिल्या.

बाकीचे बाहेर आले. गाढव भिंतीवरून मान काढून बघत होतं. मग काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकू लागली आणि बारीक वाजा वाजत राहिला. किमया रिमोटकडे वळली.

"थांब. अजून व्हायचंय."

"आजी, क्रेडिट्स आहेत ते. मूव्ही ओव्हर लाह."

"ओव्हर कसा? त्याचं काय? असं ठेवून कुणी संपवतं?"

नावं चाललीच होती. आशालताबाई उठल्या, देवापुढचं निरांजन पेटवून घेऊन आल्या आणि टीव्हीसमोर उभ्या राहून त्या सरकत्या नावांना ओवाळलं. आरती म्हटली नाही, ओठ हलत होते एवढंच. किमयाला हसू आवरेना, मग तिचं तिलाच आवरलं. तिनं ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावला.

फोन आला तेव्हा बाहेर दिवे लागत होते. रविंद्रकडे दुपार होती. नीतानं फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंसमोर ठेवला आणि स्वतः शेजारी बसली.

"आई, जेवलीस?"

"एवढ्यात? सात वाजतायत. तू काय खाल्लंस?"

"खिचडी. मी केली."

मागून एक आवाज आला, बारीक पण कुरकुरीत. "मावशी, तिला खिचडी म्हणू नका! त्यापेक्षा सुरुंग परवडला!" मग हसणं, आणि हसता हसता "आई गं."

"हसू नकोस रे, पाय हलतो," रविंद्र तिकडे वळून म्हणाला. मग इकडे, "आमचा प्रबोध. पडल्या पडल्या हुकूम सोडतोय. मोहरी तडतडली का, हिंग टाकला का. डोकं खाल्लंय नुसतं."

"जागा असतो का दिवसभर?"

"कळा येतात त्याला. बडबडला की जरा बरं वाटतं."

नीतानं कोपरानं हळूच ढोसलं. आशालताबाईंनी श्वास घेतला. वाक्य जिभेवर होतं, शब्दन्‌ शब्द.

"रवी."

"हं, आई."

"तुझ्याऐवजी दुसरं कोणी नाही का रे थांबायला?"

"फोर्थ इंजिनीअर तयार होता. मी नको म्हटलं. त्याचं लग्न ठरलंय."

"लग्न ठरलंय!" नीता उसळली. "आणि तुझं झालंय ते?"

रविंद्र म्हणाला, "नीता, खाली पाण्यातल्या सुरुंगांना मी काही करू शकत नाही. जनरेटर मला येतो. तेवढंच." आणि जरा थांबून, "आई, तू बोलणार होतीस."

तो ओळखून होता. आपल्या आईला काय सांगायला बसवलंय ते त्याला माहीत होतं, आणि तिनं ते म्हटलं असतं तर तो उद्या बसमध्ये बसला असता, खिडकीशी, मान खाली घालून. हेही त्याच्या आवाजात होतं.

"तुला कीर्तनात बसवायचे मी," आशालताबाई म्हणाल्या. "आठवतं?"

"चिमटे आठवतात."

"मग बस तसा. आरती झाल्याशिवाय उठू नकोस."

पलीकडून "हो" आलं. नीता उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लागल्याचा आवाज झाला. जोरात नाही. जोरात लावलं असतं तर बरं झालं असतं.

रात्रीच्या जेवणाला ती बाहेर आली. पानं वाढली. किमया आत गेल्यावर म्हणाली, "तुम्ही मला शब्द दिला होतात."

"दिला होता."

"मग?"

"मोडला."

"तो तुमचा मुलगा आहे, मान्य. माझा नवरा आहे, आई. किमयाचा बाप आहे. तो प्रबोध तुमचा कोण?"

आशालताबाईंनी भात कालवला. नीतानं वरण वाढलं, तूप वाढलं, आणि त्यानंतर ती कामापुरतंही बोलेनाशी झाली.

बस निघाली. आता गोष्टीत असं असतं की, त्या बसला वाटेत काहीतरी व्हावं आणि मागे राहिलेला वाचावा. तसं काही झालं नाही. बस व्यवस्थित सीमेपार गेली. शनिवारी क्रूच्या ग्रुपवर फोटो आला. सगळे एका हॉटेलात पिझ्झा खात होते, दाढ्या वाढलेल्या, चेहरे हसरे, तो लग्न ठरलेला फोर्थ इंजिनीअर मधोमध. नीतानं फोन आशालताबाईंच्या ताटाशेजारी ठेवला.

"बघा. सगळे पोचले."

त्यांनी चष्मा लावून एकेक चेहरा पाहिला. "छान झालं," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटलं. त्या फोटोत उजवीकडे एक खुर्ची रिकामी होती. कुणाची होती कोण जाणे, बहुधा फोटो काढणाऱ्याची. दुपारी त्या देवापुढे बसून पदं म्हणू लागल्या तर एकही सूर जागेवर लागेना.

संध्याकाळी कीर्तन होतं. त्या गेल्या नाहीत. पद्माकरबुवांचा फोन आला, "काकू, पुढची जागा रिकामी बघून माझं ध्रुपद चुकलं. बरं नाही का?"

"बरी आहे. घरी एक आख्यान चालू आहे, बुवा. ते सोडून कशी येऊ?"

बुवाही जहाजांच्याच कामातले होते. "बरं, काकू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी रविंद्रचा फोन आला नाही. सोमवारीही नाही. किमया सांगे, टॉवर गेला असेल, बॅटरी गेली असेल. मंगळवारी नीता ऑफिसातून आली, बॅग ठेवली, हात-पाय धुतले आणि सोफ्यावर येऊन बसली. मग रिमोट उचलला.

"ते कुठपर्यंत बघून झालं होतं तुमचं?"

आशालताबाई पोळ्या लाटत होत्या. "माझा पुरा झालाय."

"मला माहितीय. कार्टी बोलली. निरांजन ओवाळलंत म्हणे." तिनं सुरुवातीपासून लावला. "मला सांगू नका काही."

आशालताबाईंनी गॅस बंद केला, हात पुसले आणि येऊन बसल्या. किमया दारात घुटमळली, मग खाली सतरंजीवर बसली. सावलीला म्हणून शिपाई बागेत शिरले. धूळ उडाली. डॉक्टर पोटावर सरकू लागला. नीता न हलता बघत होती, हाताची बोटं एकमेकांत घट्ट.

गाढव आलं तेव्हा तिचा फोन थरथरला. तिनं पाहिला. पुन्हा पाहिला. मग काही न बोलता तो आशालताबाईंच्या हातात दिला, पण अक्षरं बारीक होती, म्हणून किमयानं ओढून घेतला आणि किंचाळली, "पप्पा!"

एका मदत करणाऱ्या संस्थेची रुग्णवाहिका मिळाली होती. जनरेटर बंद करून, किल्ल्या एजंटच्या हवाली करून निघाले होते. प्रबोध झोपून, रविंद्र शेजारी बसून. आत्ताच सीमा ओलांडली. नेटवर्क नव्हतं तीन दिवस. आणि शेवटी, आईला सांग, झाली आरती.

किमया उड्या मारत होती. आशालताबाईंचे डोळे भरून आले, त्या गुडघ्यावर हात ठेवून देवाकडे जायला उठू लागल्या. नीतानं त्यांचं मनगट धरलं. तिचंही नाक लाल झालं होतं.

"बसा, आई. मधेच उठायचं नसतं ना?"

त्या बसल्या. किमयाही बसली. पडद्यावर लाल केसांचा एका पायावर उभा राहून गाढवाला वाट विचारत होता, आणि नीता त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली, मोठ्यानं, डोळे पुसत.

"भारी आहे हा," ती म्हणाली. "सुटतो ना?"

किमयानं आजीकडे पाहिलं. आशालताबाई सुनेला जरा लगटून बसल्या आणि समोर बघत राहिल्या.